न दुखणाऱ्या रोहिण्या

शरीराचे पुष्कळसे विकार येताना वर्दी देऊन येतात. दात किडला की ठणका लागतो, पोट बिघडले की कळ येते, ताप यायचा असला की अंग कणकणते. रोहिण्यांचा विकार अशी वर्दी देत नाही. हृदयापासून निघून सर्व अवयवांना रक्त पोचविणाऱ्या नळ्यांना कोणी धमनी म्हणतात, कोणी रोहिणी. शाळेच्या पुस्तकांतील सवयीने मी रोहिणी म्हणेन. या नळीच्या अस्तराखाली चरबीचा थर साचू लागतो तेव्हा माणूस जिने चढत असतो, बाजारहाट करीत असतो, लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी वाढून घेत असतो, आणि त्याला काहीही जाणवत नाही.

असे का व्हावे? नळीत गाळ साचला तर पाण्याची धार बारीक होते हा आपला रोजचा अनुभव. पण रोहिणी म्हणजे लोखंडी नळ नव्हे, ती जिवंत वस्तू आहे. शिकागो येथील सीमोर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे दाखवून दिले की, थर वाढू लागला म्हणजे हृदयाची रोहिणी बाहेरच्या अंगाने फुगते आणि आतला मार्ग पुष्कळ काळ पूर्वीइतकाच मोकळा ठेवते. घरात सामान वाढले म्हणून भिंत थोडी मागे सरकवावी, तसे हे आहे. भिंत सरकविण्याची शक्ती संपते तेव्हा मार्ग अरुंद होऊ लागतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे थरावरची पातळ खपली एके दिवशी फुटते, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि तासा-दोन तासांत सारे होत्याचे नव्हते होते. अनेकांच्या बाबतीत विकाराची पहिली खूण हीच असते.

या विकाराचा आरंभ किती लवकर होतो, याचा धक्कादायक पुरावा १९५३ मध्ये पुढे आला. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये वैद्यांनी तपासली. या सैनिकांचे सरासरी वय होते अवघे २२ वर्षे. तरीही त्यांपैकी सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत विकाराच्या खुणा डोळ्यांना दिसतील इतक्या स्पष्ट होत्या. धडधाकट म्हणून निवडलेले, कवायत करणारे हे तरुण! मेल्यावर जे कळले ते हिंडत्याफिरत्या माणसात कसे कळावे, हा तेव्हापासूनचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तयार झाल्या. एक वाट गणिताची, दुसरी ध्वनीची.

गणिताच्या वाटेची कथा एका राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूपासून सुरू करता येईल. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ भरला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले, त्या दिवशीचा आकडा होता ३००/१९०. आज एखाद्या खेड्यातल्या आरोग्यसेविकेलाही हे आकडे पाहून घाम फुटेल. पण त्या काळी वाढत्या वयाबरोबर रक्तदाब वाढणारच, अशी अनेक वैद्यांची समजूत होती आणि हाताशी चांगले औषधही नव्हते. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेने हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा केला, आणि त्याच वर्षी बोस्टनच्या पश्चिमेस असलेल्या फ्रेमिंगहॅम या गावी एक दीर्घ निरीक्षण सुरू झाले. ३० ते ६२ वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी करून ठेवायची, दर दोन वर्षांनी ती पुन्हा करायची, आणि पुढे कोणाला झटका येतो व कोणाला येत नाही हे धीराने पाहत राहायचे. औषध द्यायचे नाही, प्रयोग करायचा नाही. केवळ पाहायचे आणि टिपायचे. पुढे या लोकांची मुले आणि नातवंडेही त्याच वहीत दाखल झाली. संशोधनात इतका संयम विरळा.

१९६१ मध्ये विल्यम कॅनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या निरीक्षणातून जोखमीचे घटक मांडले: वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि तत्सम गोष्टी. आज घरोघरी बोलली जाणारी ही भाषा रूढ झाली ती मुख्यतः तेथून. त्यानंतर हे घटक एकत्र गुंफून, पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा संभव किती हे सांगणारे कोष्टक तयार झाले. वय, लिंग, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह यांना गुण द्यायचे, बेरीज करायची, आणि बेरजेसमोरची टक्केवारी वाचायची. यालाच जोखीम-गुणांक म्हणतात.

हा गुणांक वाचताना सुशिक्षित माणसेही गोंधळतात, म्हणून येथे थोडे थांबतो. समजा, एखाद्याचा गुणांक १२ टक्के आला. याचा अर्थ त्याच्या रोहिण्या १२ टक्के बंद आहेत असा नाही. वय, रक्तदाब, सवयी या बाबतींत त्याच्यासारखी शंभर माणसे एका रांगेत उभी केली, तर दहा वर्षांत त्यांपैकी सुमारे बाराजणांना हा विकार गाठील आणि अठ्ठ्याऐंशीजणांना गाठणार नाही, एवढेच गणित सांगते. हा गृहस्थ त्या बारांत आहे की अठ्ठ्याऐंशींत, ते गणिताला ठाऊक नसते. शाळेचा निकाल ८८ टक्के लागेल असा अंदाज मुख्याध्यापक पुष्कळदा बरोबर बांधतात. पण अमुक बाकावरचा अमुक मुलगा उत्तीर्ण होईल का, असे विचारले तर तेच मुख्याध्यापक त्याची उत्तरपत्रिका मागतील. गुणांक हा वर्गाचा अंदाज आहे, मुलाची उत्तरपत्रिका नव्हे.

शिवाय या गणितात वयाचे पारडे फार जड असते. चाळिशीतला मनुष्य विड्या ओढत असला, रक्तदाब वाढलेला असला, तरी केवळ वय कमी म्हणून त्याचा दहा वर्षांचा आकडा लहान दिसतो आणि तो निर्धास्त होतो. उलट सत्तरीतला नेमस्त गृहस्थ केवळ जन्मतारखेमुळे मोठ्या आकड्यात जातो. ही अडचण ओळखून २००८ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासकांनी रोहिण्यांचे वय ही कल्पना कोष्टकाला जोडली. तुमचे वय ४२, पण तुमचा गुणांक एखाद्या निरोगी, निर्व्यसनी अशा ५५ वर्षांच्या माणसाइतका, असे सांगितले म्हणजे ते मनात शिरते. टक्केवारी पुष्कळदा शिरत नाही.

दुसरी अडचण आपल्या लोकांची. फ्रेमिंगहॅमचे रहिवासी बहुतांशी युरोपीय वंशाचे होते. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाच्या आधारे पुढे असे दिसून आले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांच्या मानाने पाच-सहा वर्षे आधी, म्हणजे साधारण ५३ च्या सुमारास येतो. तेव्हा परक्या मापाचा अंगरखा आपल्याला जसाच्या तसा बसणार नाही हे उघड आहे. ब्रिटनमध्ये २००८ पासून 'क्यू-रिस्क' या कोष्टकाच्या सुधारलेल्या आवृत्तीत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशा वंशांची वेगळी नोंद घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ विभाग पाडून प्रत्येकासाठी नवे तक्ते दिले; त्यांत दक्षिण आशियाचा स्वतंत्र तक्ता आहे. त्यातही एक प्रकार असा आहे की ज्याला रक्ततपासणीची गरजच नाही. वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब, आणि उंचीच्या मानाने वजन, एवढ्यावर तो वाचता येतो. प्रयोगशाळा वीस कोस दूर असलेल्या गावासाठी ही मोठीच सोय म्हणावी लागेल.

आता दुसरी वाट. सोनोग्राफी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रसूतिगृह उभे राहते, आणि 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही १९९४ च्या कायद्यामुळे लागलेली पाटी. पण हेच यंत्र रोहिणीच्या भिंतीत डोकावू शकते. आपल्या कानांना सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. मानेच्या तपासणीत वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला सुमारे १ कोटी कंपनांचा असतो. हातातील ठोकळ्यातून तो शरीरात सोडतात. मऊ उतींतून तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, आणि जेथे एक थर संपून दुसरा लागतो तेथून त्याचा थोडा अंश प्रतिध्वनी होऊन परततो. परतायला किती वेळ लागला यावरून थर किती खोल आहे ते यंत्र ठरवते आणि पडद्यावर ठिपका उमटवते. अशा असंख्य ठिपक्यांचे चित्र बनते. दरीत हाक मारून समोरचा कडा किती दूर आहे याचा अदमास घेणारा गुराखी हेच करीत असतो. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, वेदना नाही.

या विद्येचा हृदयाशी संबंध जुळला तो गमतीदार रीतीने. पोलादात तडा आहे का हे पाहण्यासाठी कारखान्यांत असे यंत्र वापरीत. स्वीडनमधील लुंड येथील वैद्य इंगे एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये तसलेच एक यंत्र आणून जिवंत हृदयाची हालचाल टिपली. वाहत्या रक्ताचा वेग मोजण्यासाठी क्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व उपयोगी पडले: जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि दूर जाणारीची उतरती ऐकू येते, तेच. आपल्याकडे कागदावर 'कलर डॉपलर' म्हणून जे लिहून देतात ते हेच.

पण हृदयाच्या रोहिण्या सोडून मानच का पाहायची? कारण हृदय सतत हलते, त्याच्या रोहिण्या बारीक आणि बरगड्यांच्या आड आहेत. मेंदूकडे जाणारी मानेतील रोहिणी मात्र कातडीखाली, सरळ आणि बरीच स्थिर असते. रोहिणीकाठिण्य हा एका नळीचा नव्हे, सबंध नळयोजनेचा विकार असल्यामुळे मानेवरून इतरांचा तर्क करता येतो. इटलीतील पाओलो पिन्योली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले की, पडद्यावर रोहिणीच्या भिंतीच्या ज्या दोन समांतर रेषा दिसतात, त्यांतील अंतर म्हणजे आतल्या दोन अस्तरांची खरी जाडी होय. ही जाडी निरोगी माणसात एका मिलिमीटरहूनही कमी असते. भिंत जाड झाली की विकार सुरू झाला, अशी अपेक्षा होती, आणि जगभर मोजमापाची लाटच आली.

ती लाट ओसरलीही. हे प्रामाणिकपणे सांगणे जरूर आहे, कारण आपल्याकडे अजून या मापाचे प्रस्थ दिसते. भिंत वर्षाला वाढते ती सुमारे एक शतांश मिलिमीटर. ठोकळा धरणाऱ्या हाताचा कोन किंचित बदलला तरी याहून अधिक फरक पडतो. म्हणून 'गेल्या वर्षीपेक्षा जाडी कमी झाली' असे एखाद्याने आनंदाने सांगितले, तर तो आनंद बहुधा हाताच्या कोनाचा असतो. २०१० मध्ये अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मध्यम जोखमीच्या लोकांत हे मोजमाप उचित मानले होते. २०१२ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले असता असे दिसले की, जोखीम-गुणांक ठाऊक असताना जाडीने त्यात अगदी थोडी भर पडते. आणि २०१३ मध्ये त्याच संस्थांनी ते नित्याच्या तपासणीतून काढून टाकले.

जाडी बाद झाली, पण थर बाद झाला नाही. भिंत सर्वत्र किंचित जाड असणे वेगळे आणि तिच्यावर एके ठिकाणी स्पष्ट उंचवटा असणे वेगळे. सभोवतालच्या भिंतीपेक्षा निदान अर्धा मिलिमीटर वर आलेला, किंवा एकूण दीड मिलिमीटरहून जाड असलेला असा उंचवटा दिसला, तर तो थर समजावा असा तज्ज्ञांचा संकेत आहे. केस पांढरे होणे आणि अंगावर गळू येणे यांत जो भेद, तसाच काहीसा हा.

माद्रिद येथे एका बँकेच्या ४० ते ५४ वर्षांच्या कर्मचाऱ्यांची अशी तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ४,१८४ जण होते. कोणालाही हृदयाची तक्रार नव्हती. मान, पोट आणि जांघ येथील रोहिण्या ध्वनीने पाहिल्या, हृदयाच्या रोहिण्यांतील चुना क्ष-किरणांनी मोजला. ६३ टक्के लोकांत कोठे ना कोठे विकार सापडला. माझ्या मते यातील खरा महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. ज्यांचा दहा वर्षांचा गुणांक 'कमी' होता, त्यांच्यातही ५८ टक्के जणांत विकार होता. वर्गाचा अंदाज आणि मुलाची उत्तरपत्रिका यांतले अंतर ते हे.

बरे, उत्तरपत्रिका दाखविल्याने मुलगा अभ्यासाला लागतो का? या प्रश्नाचे उत्तर उत्तर स्वीडनमधील व्हेस्टरबॉटेन या प्रांताने शोधले. तेथे ४०, ५० आणि ६० व्या वर्षी नागरिकांना आरोग्यतपासणीस बोलाविण्याची प्रथा १९८० नंतरच्या दशकापासून आहे. अशा ३,५३२ जणांच्या मानेची ध्वनितपासणी केली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटातील प्रत्येकाला टपालाने त्याच्या रोहिणीचे चित्र गेले: हिरवा, पिवळा, तांबडा असा रंगांचा पट्टा, त्यावर रोहिणीचे वय, आणि थर असल्यास तांबडे वर्तुळ. तेच चित्र त्याच्या डॉक्टरांकडेही गेले, आणि काही आठवड्यांनी परिचारिकेने दूरध्वनी करून शंका विचारून घेतल्या. दुसऱ्या गटाला व त्यांच्या डॉक्टरांना चित्र दाखविले नाही. बाकी सल्ला दोघांनाही सारखाच होता. एका वर्षानंतर चित्र पाहिलेल्यांचा सरासरी फ्रेमिंगहॅम गुणांक १२.२४ होता, न पाहिलेल्यांचा १३.३१. तीन वर्षांनीही हा फरक टिकून होता.

फरक लहान आहे, आणि कमी झाला तो गुणांक. झटके किती टळले हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. तरीही मला तो मोलाचा वाटतो. नवे औषध नव्हते की शस्त्रक्रिया नव्हती. एका कागदावरचे एक चित्र होते, आणि माणसाला ते चित्र आपले स्वतःचे आहे हे ठाऊक होते. नकाशात नदी शिकविणे आणि मुलांना नदीवर नेणे यांत काय अंतर असते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

एवढे ऐकून कोणी उद्याच मानेच्या तपासणीसाठी रांगेत उभे राहील, म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हल्ली सबंध शरीराच्या तपासणीची ठोक दराची पत्रके वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येऊन पडतात. कोणतीही तक्रार नसलेल्या सर्वसाधारण माणसांची मान अरुंद रोहिणी शोधण्यासाठी सरसकट तपासू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितले. कारण साधे आहे. असा गंभीर अरुंदपणा फार थोड्यांत असतो. हजारोंना तपासले की खोटी भीती पुष्कळांच्या वाट्याला येते. आणि त्या भीतीपोटी झालेल्या शस्त्रक्रियेने स्वतःच पक्षाघात होऊ शकतो. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मध्यममार्ग सुचविला: प्रथम गुणांक काढावा, औषध सुरू करावे की नाही असा संदेह राहिला तर रोहिण्यांतील चुना क्ष-किरणांनी मोजावा, ती सोय नसेल तेथे मानेत थर आहे का हे ध्वनीने पाहण्याचा विचार करावा. आधी मोजणे, मग पाहणे, आणि पाहण्याने निर्णय बदलणार असेल तरच पाहणे, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. मान स्वच्छ दिसली म्हणून हृदय स्वच्छ आहे असेही समजू नये.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे त्याला गुणांकाची गरज नाही. तो उपचारांचाच मनुष्य. आणि ज्याचा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा अडखळली, किंवा छातीत दाबल्यासारखे होऊन घाम सुटला, त्याने ध्वनितपासणीची वेळ ठरवीत बसू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

माद्रिदच्या अभ्यासातील आणखी एक नोंद सांगायची राहिली. मानेत विकार सापडला तो ३१ टक्क्यांत. पोटाच्या खालून मांडीकडे जाणाऱ्या रोहिण्यांत मात्र ४४ टक्क्यांत. पायाच्या रोहिण्यांसाठी तर महागड्या पडद्याचीही गरज नाही. हातात मावणारे लहानसे डॉपलर यंत्र आणि रक्तदाब मोजण्याचा पट्टा एवढ्यावर काम होते. घोट्याजवळचा वरचा रक्तदाब मोजावा, दंडाचा मोजावा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. निरोगी माणसात उत्तर एकाच्या आसपास येते. दंडात १४० आणि घोट्यात ११० असेल तर उत्तर येते ०.७९, आणि ०.९० किंवा त्याखालचा आकडा पायाच्या रोहिणीत अडथळा असल्याचे सुचवितो. थोडे चालले की पोटरी भरून येते आणि थांबले की बरे वाटते, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण वयाचे कारण सांगून गप्प करतो. त्यांच्यासाठी ही दहा-पंधरा मिनिटांची तपासणी जरूर विचारावी. मात्र दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या रोहिण्या कधी कधी इतक्या टणक झालेल्या असतात की पट्ट्याने त्या दबतच नाहीत, आणि उत्तर १.४० च्याही वर जाते. तो आकडा चांगला नव्हे, फसवा असतो. अशा वेळी डॉक्टर पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात, कारण तेथील बारीक रोहिण्या सहसा तितक्या टणक होत नाहीत.